बंदूक खाली घ्यायची वेळ

व्हर्निअरचे जबडे १०.४ मिलिमीटरवर उघडून मी ते लेकीच्या डोळ्यांसमोर धरले.

"एवढंच?" ती म्हणाली.

एवढंच. पन्नास मीटर रायफलच्या टार्गेटवर दहा गुणांचं वर्तुळ एवढंच असतं, शर्टाच्या बटणाएवढं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी उभं राहून देवळाच्या पायरीवर ठेवलेलं बटण टिपायचं, तेही अंगात ताठ जाडजूड जाकीट घालून, हातात आठ किलोपर्यंत वजनाची रायफल धरून, आणि एकदा नाही, साठ वेळा. लेक स्वतः दहा मीटर एअर रायफल शिकते. तिच्या टार्गेटवरचं दहाचं वर्तुळ तर अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका आहे, आणि तिचा छर्रा साडेचार मिलिमीटरचा. ठिपक्याहून छर्रा नऊपट मोठा. तरीही हे जग तिला अवघड वाटत नाही. ती लहानपणापासून माझ्या तोंडून मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, ऐकत आली आहे.

मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. सतरा वर्षं झाली. फाउंड्रीतून कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, येतं, आमच्याकडे त्यावर मशिनिंग होतं, आणि गाडीत चढण्याआधी ते माझ्या टेबलावरून जातं. ड्रॉइंगमध्ये बसतं की नाही, एवढंच मला सांगायचं असतं. हे काम मला मनापासून आवडतं. पण मधली दीड-दोन वर्षं ते आवडेनासं झालं होतं. त्या दिवसांतून मी कशी बाहेर आले याबद्दल मला लिहायचं आहे. त्यात नेमबाजीचा वाटा मोठा आहे, त्यामुळे आधी काय घडलं ते सांगते.

बेअरिंग ज्यात बसतं त्या हाउसिंगचा जॉब होता. त्याचा बोअर, म्हणजे आतलं भोक, ८० मिलिमीटर, एच-सेव्हन, म्हणजे शून्य ते अधिक तीस मायक्रॉनच्या आत हवा. पहिली शिफ्ट संपत आली होती, गेटवर टेम्पो उभा, डिस्पॅचवाला दर पाच मिनिटांनी दारात डोकावत होता. मशीनवरून जॉब येत होते आणि मी बोअर गेज घालून एकेक बघत होते. अधिक आठ, अधिक सात, अधिक नऊ. सगळे आत. मशीनवरचे मामा जॉब ठेवताना एकदा म्हणालेही, "मॅडम, गरम हाईत अजून." मी मान हलवली आणि पुढचा उचलला.

माप वीस अंश सेल्सिअसचं धरायचं असतं, हे मी डिप्लोमाच्या पहिल्या वर्षात शिकले होते. ओतीव लोखंडाचा ८० चा बोअर पंधरा अंशांनी तापला, तर बारा-तेरा मायक्रॉननी मोठा होतो. मास्टर रिंग, म्हणजे जिच्यावर गेज शून्याला लावतात ती कडी, टेबलावर गार, जॉब मशीनवरून गरम. माझ्या डायलवर अधिक आठ दिसत होतं, पण थंड झाल्यावर तो बोअर उणे पाच होणार होता. गिऱ्हाइकाच्या असेंब्लीत बेअरिंग नीट बसेना. अख्खा लॉट परत आला. नशीब एवढंच की बोअर लहान निघाले होते. मोठे निघाले असते तर सगळं भंगारात गेलं असतं. लहान असल्यामुळे परत मारता आले. पण रिपोर्टवर सही माझी होती.

रागावलं कुणी फारसं नाही. तेच जास्त लागलं. त्या वर्षी सीनियर इन्स्पेक्टरची जागा निघाली. ती माझीच आहे असं सगळे धरून चालले होते, मीही. ती दुसऱ्याला मिळाली. कारण कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

त्यानंतर मी दोन टप्प्यांतून गेले. आधी प्रत्येक जॉब तीन-तीनदा मोजू लागले. नवा जॉब हातात असला तरी डोळ्यांसमोर जुना लॉट असायचा. काम मागे पडू लागलं, मशीनवरचे वैतागले. मग कधीतरी हे थकलं आणि उलटंच झालं: मोजलं, लिहिलं, बाजूला ठेवलं. पगारापुरतं काम. सकाळी सहाला डबा भरताना छातीत दगड असायचा. नवरा म्हणायचा, सोड, दुसरीकडे बघ. सासूबाई म्हणायच्या, कुणाची दृष्ट लागली. कंपनीने एका शनिवारी प्रेरणा देणारे वक्ते बोलावले. बोलले चांगलं. आपण सगळे चॅम्पियन आहोत असं त्यांनी आमच्याकडून मोठ्याने म्हणवून घेतलं, आणि म्हणताना मला रडू आलं, ते खोटं नव्हतं. पण सोमवारी सात वाजता तोच बोअर गेज हातात आला आणि हात तसाच जड होता.

१ ऑगस्ट २०२४, गुरुवार. त्या आठवड्यात आमच्याकडे सगळीकडे पंचगंगेच्या पुराच्याच गोष्टी होत्या. जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनमध्ये कुणीतरी मोबाईल पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला होता आणि वीस-पंचवीस जण त्यावर वाकले होते. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत होता. पॅरिस ऑलिंपिक म्हणत असले तरी नेमबाजी तिथून अडीचशेहून अधिक किलोमीटर दूर शातोरूला होती. पात्रता फेरीत ५९० गुणांसह तो सातवा आला होता आणि आठच जण पुढे जातात. म्हणजे काठावरून आत.

पन्नास मीटर थ्री पोझिशनमध्ये आधी गुडघ्यावर बसून, मग पालथं पडून आणि शेवटी उभं राहून गोळ्या मारायच्या असतात. उभ्याची फेरी सगळ्यांत कठीण. बसताना आणि पडताना रायफलीला जमिनीचा आधार कुठून ना कुठून मिळतो, उभं राहिल्यावर फक्त हाडं असतात. गुडघ्यावरची फेरी संपली तेव्हा स्वप्नील पहिल्या तिघांत नव्हता. आमच्यातले दोघं-तिघं उठून हात धुवायला गेले. उभ्याची फेरी सुरू झाली आणि तो हळूहळू वर सरकू लागला. चाळीस गोळ्यांनंतर खालचे दोघं बाहेर जातात, मग प्रत्येक गोळीला एक जण. सुट्टी संपल्याची घंटा झाली होती. साहेब दारात आले, त्यांनी आमच्याकडे बघितलं, आणि तेही येऊन मागे उभे राहिले.

चव्वेचाळीस गोळ्या, ४५१.४ गुण, कांस्य. चीनचा लिऊ युकुन पहिला, युक्रेनचा सेरही कुलिश दुसरा. या प्रकारात भारताला ऑलिंपिक पदक पहिल्यांदाच मिळत होतं. हेलसिंकीला १९५२ मध्ये खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्य आणलं, त्यानंतर बहात्तर वर्षांनी महाराष्ट्राच्या माणसाच्या गळ्यात ऑलिंपिकचं वैयक्तिक पदक पडत होतं. कॅन्टीनमध्ये ताटं वाजली. मामांच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही. पण खरं सांगते, त्या दिवशी मला फक्त अभिमान वाटला. कामाचा आणि त्याचा काही संबंध असेल असं मनातही आलं नाही.

ते आलं रात्री. लेक त्याच्या जुन्या बातम्या वाचून दाखवत होती. दहाच महिने आधी, सप्टेंबर २०२३ मध्ये, हांगझोच्या आशियाई स्पर्धेत त्याच दिवशी संघाचं सुवर्ण मिळवून हाच स्वप्नील वैयक्तिक अंतिम फेरीत पुढे होता. उभ्याच्या फेरीत एक गोळी ७.६ वर गेली. चौथा. त्याच्या आदल्या वर्षी कैरोच्या जागतिक स्पर्धेतही चौथा. तिथे निदान ऑलिंपिकचा कोटा, म्हणजे देशासाठी एक जागा, मिळाला होता. चौथ्याला चौथरा नसतो.

७.६ म्हणजे काय हे मला त्या रात्री अगदी आतून कळलं. सगळे आत बसत असताना एक बाहेर गेलेला. आणि त्यानंतर तोच माणूस, तीच रायफल, तीच उभ्याची फेरी, आणि पुन्हा अंतिम सामना. पदक मिळाल्यावर त्याने सांगितलं होतं की सकाळपासून पोटात काही नव्हतं, फक्त काळा चहा घेऊन आलो होतो, पोटात गोळा आला होता, आणि गुणफलकाकडे पाहिलंच नाही. म्हणजे भीती गेलेली नव्हती. ती पोटात घेऊनच तो उभा राहिला होता. आणि हा माणूस २०१५ पासून रेल्वेत तिकीट तपासनीसाच्या नोकरीवर होता. आपल्यासारखाच, मस्टरवर नाव असलेला.

मग मी रविवारी लेकीला रेंजवर सोडून परत येण्याऐवजी तिथेच बसू लागले.

पहिल्या दिवशी मला जे अपेक्षित होतं त्यातलं काही दिसलं नाही. कुणी कुणाला "तू करू शकतेस" म्हणत नव्हतं. आवाजच कमी होता. पोरं अर्धा वेळ तर रिकाम्या बंदुकीने सराव करत होती: छर्रा नाही, फक्त उचलायची, श्वास सोडायचा, धरायची, चाप ओढायचा, खट्. मग लगेच खाली आणायची नाही. गोळी गेल्यावरही दोन-एक क्षण डोळा तिथेच, गाल तिथेच. मगच खाली. आणि पुन्हा पहिल्यापासून, पायाच्या अंगठ्यापासून. मी लेकीचे चाळीस मोजले. चाळिसाव्यालाही तिने पाय आधी पाहिले, मग खांदा, मग श्वास, त्याच क्रमाने. मन लागलंय का, उत्साह आहे का, हा प्रश्न त्या क्रमात कुठेच नव्हता. मला आधी आश्चर्य वाटलं आणि मग फार मोठा दिलासा मिळाला. मी दीड वर्ष उत्साह परत यायची वाट बघत होते, तो आला की नीट काम करीन म्हणून. इथे पोरं उत्साहाला विचारतच नव्हती. पाय, खांदा, श्वास. उत्साह आला तर मागून येत होता, दहा-बारा छर्र्यांनंतर, गालावर थोडा रंग चढल्यासारखा.

दुसरी गोष्ट त्यांच्या सरांनी केली. लेकीने छर्रा मारला आणि मॉनिटरकडे वळली, तर सरांनी हाताने पडदा झाकला.

"आधी सांग. मग बघ."

"नऊ पॉइंट आठ, सर. उजवीकडे."

हात काढला. ९.६, उजवीकडे.

"लिही दोन्ही."

प्रत्येकाची वही असते. आपल्याला काय वाटलं आणि काय निघालं. सर म्हणाले, वाईट छर्रा कुणालाही जातो, पण तो कुठे गेला हे न बघता सांगता आलं तर तो तुमच्या हातात आहे. सांगता आलं नाही, तर दहा लागलेलाही तुमचा नाही. मी घरी येताना हेच घोळवत होते. तो परत आलेला लॉट मी शंभर वेळा आठवला होता, पण कधी लिहिला नव्हता. आठवताना त्यात माझी लाज असायची, डिस्पॅचवाल्याचा चेहरा असायचा, हुकलेली जागा असायची. त्या रात्री वहीत लिहिला तर तीन ओळी झाल्या. जॉब गरम. रिंग गार. मामांनी सांगितलं, मी थांबले नाही. तीनच ओळी. त्यात लाज लिहायला जागाच नव्हती.

पण ज्या गोष्टीने माझं काम खरोखर बदललं ती तिसरीच. लेकीने रायफल उचलली, नेम धरला, धरून राहिली, राहिली, आणि चाप न ओढता खाली घेतली. मला वाटलं तिला जमलं नाही. सर मात्र लांबून म्हणाले, "शाब्बास!" दिवसभरात त्यांच्या तोंडून निघालेली ती एकच शाबासकी. नेम नीट बसत नसेल, श्वास लांबला असेल, तर चाप ओढायचा नाही. बंदूक खाली, दोन श्वास, पुन्हा पायापासून. नवीन पोरांना हेच जमत नाही, सर सांगत होते. एकदा वर घेतली की मारलीच पाहिजे असं त्यांना वाटतं. घड्याळ चालू असतं, शेजारचा मारून मोकळा झालेला असतो, आणि हातातली गोष्ट बिघडते आहे हे कळत असूनही बोट दाबलं जातं.

गेटवर टेम्पो उभा होता. मामा म्हणाले होते, गरम हाईत. मला कळत होतं. मी दाबलं.

खेळातून नोकरीसाठी काही घ्यायचं तर लोक जिंकण्याची जिद्द घेतात. माझ्या मते ती घ्यायची गरजच नाही. जिद्द सगळ्यांकडे असते, चाळीस वर्षं घर चालवणाऱ्या प्रत्येक बाईकडे असते. घ्यायचं असेल तर हे खाली घेणं घ्यावं. आणि त्याच्याबरोबर दुसरी एक गोष्ट, जी मालकांनी घ्यायला हवी. नेमबाज खराब काडतुसाच्या जोरावर मन लावून मारत नाही. काडतुसांचे वेगवेगळे लॉट आपल्या नळीतून मारून बघतात, जो लॉट गोळ्या एका जागी पाडतो तो घेतात. वाऱ्यासाठी रेंजवर छोटी निशाणं लावलेली असतात. साधनं आधी चोख करतात, मन त्यानंतर. आमच्याकडे भिंतीवर "गुणवत्ता हीच आमची ओळख" असा बोर्ड होता, पण गरम जॉब ठेवायला जागा नव्हती. खचलेल्या माणसाला उभारी द्यायची असेल तर आधी त्याच्या टेबलावर काय कमी आहे ते बघावं, हे मी आता कुणालाही, कुठल्याही साहेबांना सांगेन.

मी सांगितलंही. वही घेऊन साहेबांकडे गेले. हातापायांना घाम होता. जॉब थंड व्हायला एक लोखंडी रॅक हवा, पंखा हवा, तापमान बघायला थर्मामीटर हवा, आणि मास्टर रिंग त्याच रॅकवर जॉबशेजारी राहायला हवी, म्हणजे दोघांचं तापमान एक होईल. पुढे हेही लिहिलं होतं की इन्स्पेक्टरने थांबवलेला लॉट डिस्पॅचने परस्पर उचलायचा नाही. साहेबांनी वाचलं. पहिल्या तीन ओळी दोनदा वाचल्या. म्हणाले, "हे तेव्हाच का नाही सांगितलंत?" मी म्हणाले, तेव्हा मला स्वतःलाच एवढ्या थोडक्यात माहीत नव्हतं. रॅक यायला दोन महिने लागले. थर्मामीटर मी स्वतः विकत आणला, त्याचे पैसे नंतर मिळाले.

खाशाबांची गोष्ट आमच्याकडे लहानपणापासून ऐकवतात, कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे म्हणून, राजाराम कॉलेजचे म्हणून. गोष्टीत नेहमी हेलसिंकी असतं. त्याआधी १९४८ ला ते लंडनला सहावे आले होते, हे कुणी रंगवून सांगत नाही. मातीत वाढलेला पैलवान मॅटवर उभा राहिला आणि सहावा आला. मला आता त्यांची ती मधली चार वर्षंच जास्त जवळची वाटतात. सहावा नंबर घेऊन घरी परतल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे तालमीत जाताना त्यांच्या मनात काय असेल? त्या पहाटेचा फोटो कुणी काढलेला नाही. पण ती पहाट झाली असणार, आणि तिच्यानंतरच्या हजारभर पहाटाही.

एक फरक मात्र मी विसरत नाही. त्यांची अंतिम फेरी चार वर्षांनी येते, आपली रोज सात वाजता सुरू होते. त्यांना हरल्यावर पुन्हा उभं करणारी माणसं असतात. स्वप्नीलच्या मागे दीपाली देशपांडेंसारख्या प्रशिक्षक होत्या, ज्या स्वतः २००४ ला अथेन्सच्या ऑलिंपिकमध्ये खेळल्या होत्या. त्याच्या आधी याच कोल्हापुरातून २०१० ला म्युनिकला जगज्जेती झालेली तेजस्विनी सावंत होती, राही सरनोबत होती. या मातीत ही वाट कुणीतरी आधी पाडून ठेवली होती. नोकरीत एकट्याने सावरायची अपेक्षा असते. म्हणून ती माणसं आपल्याला शोधावी लागतात. माझ्यासाठी ते मामा ठरले. त्यांच्या त्या एका वाक्याकडे मी मान हलवून पुढे गेले होते, हे मी त्यांना रॅक आल्यावर सांगितलं. ते म्हणाले, "मला ठावं हाय की. म्हनून तर परत परत बोलत नव्हतो."

सीनियरची जागा अजून मिळालेली नाही. मिळावी असं वाटतं आणि तसं मी यंदा स्पष्ट लिहून दिलं आहे. छातीतला दगड अजूनही कधीकधी सकाळी असतो. तो असला तर असू दे, मी आधी टेबल पुसते, मग रिंग बघते, मग थर्मामीटर.

परवा तोच ८० चा बोअर चालू होता. दुपारी अडीचला टेम्पो आला. रॅकवर वीस-बावीस जॉब होते, हात लावून बघितले तर खालची रांग अजून कोमट. डिस्पॅचचा नवीन पोरगा आला, "मॅडम, झालं?" मी म्हणाले, नाही, चाळीस मिनिटं. त्याने घड्याळाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि टेम्पोवाल्याला चहाला घेऊन गेला. मामा मशीनवरून बघत होते, काही बोलले नाहीत.

सव्वातीनला पहिला जॉब उचलला. इन्सर्ट, म्हणजे मशीनचं कापणारं पातं, बदलून साठ जॉब झाले होते, धार झिजली की बोअर बारीक होत जातो. गेज आत घालण्याआधी मनाशी म्हणाले, अकरा. डायल स्थिरावला. नऊ. वहीत दोन्ही लिहिलं, आणि पुढचा उचलला.